अस्वलाच्या जीपचं तेल

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना पाय होते आणि तरीही सगळ्यांकडे गाड्या होत्या.

पायांनी कुठंही जाता यायचं. पण पायांना पॉलिश करता येत नाही, आणि पायांना हॉर्न नसतो. म्हणून त्या जंगलात पायांपेक्षा चाकांना मान जास्त होता.

तिथे केसोजी नावाचा एक अस्वल राहत होता. त्याच्याकडे एक जुनी जीप होती. ती मुळात हिरवी होती. पण हे फक्त दार उघडून आतल्या कडेला बघितलं तरच कळायचं. आवाज मात्र तिचा खणखणीत. केसोजीनं सकाळी ती चालू केली की समोरच्या टेकडीवरचे मोर उडून तिसऱ्या टेकडीवर जाऊन बसायचे.

केसोजीच्या बायकोचं नाव अनसाबाई. त्यांची एकुलती एक लेक करवंदी. तिला गेल्या वर्षी घाटापलीकडच्या जंगलात दिली होती. आता करवंदीला दिवस गेले होते.

अस्वलांमध्ये एक रीत आहे. तुमच्याही घरी असेल. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. आणि नववा महिना लागायच्या आत मुलीला घेऊन यायचं, कारण नवव्या महिन्यात घाट उतरू देत नाहीत. करवंदीला नववा लागणार होता पौर्णिमेला. पौर्णिमेला बारा दिवस उरले होते.

करवंदीचं पत्र आलं.

"बाबा, कधी येताय? माझी पिशवी भरून झाली. सासूबाई चांगल्या आहेत, पण त्यांच्या हातची कढी गोड असते. आईला म्हणावं, आंबट काय काय करशील ते आत्ताच ठरव. मी वाट बघतेय."

केसोजीनं पत्र दोनदा वाचलं. मग तो बाहेर आला आणि जीपकडे बघत उभा राहिला. घाटाला अकरा वळणं होती. जाताना आपण दोघं. येताना लेक, तीही अशी.

तो चांगला बाप होता, बाळांनो. सगळं तिथूनच सुरू झालं.

---

जंगलात बेहड्याच्या झाडाखाली एक पार होता. तिथे रानडुक्कर नथूशेठ रोज बसायचा. त्याची गाडी नवी कोरी होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्यानं काढलं नव्हतं. बसलं की ते कुरकुरायचं आणि नथूशेठला तो आवाज फार आवडायचा.

"काय केसोजी, तोंड का पाडलंस?"

"लेकीला आणायचीय. घाट आहे. आणि जीप ही अशी."

"तेल तपासलंस?"

"हो. पट्टी ओढून बघितली. बरोबर आहे."

"तसं नव्हे रे बाबा! लॅबमध्ये. आपण आजारी पडलो की वैद्य रक्त काढून बघतो का नाही? तसं इंजिनातलं वापरलेलं तेल काढून पाठवायचं. कुठं झिजतंय, कुठं धूळ जातेय, कुठं पाणी शिरतंय, सगळं त्या तेलात उतरलेलं असतं."

आता, नथूशेठ हे अगदी खरं बोलला. एखादी गोष्ट नथूशेठ बोलला म्हणून ती चुकीची होत नाही, हे लक्षात ठेवा.

डोंगराच्या पायथ्याशी वारुळात मुंग्यांची प्रयोगशाळा होती. मुंग्या फार काटेकोर. त्यांनी एक सूचनापत्रक छापलं होतं. केसोजीनं ते आणलं आणि एकेक ओळ वाचून तसंच केलं.

इंजिन गरम करा, असं लिहिलं होतं. केसोजीनं ओढ्यापर्यंत दोन फेऱ्या मारल्या.

पहिली धार सोडून द्या, मधलं तेल घ्या, असं लिहिलं होतं. केसोजीनं जीपखाली उताणं पडून चेंबरचा नट सैल केला, पहिली धार जुन्या तसराळ्यात सोडली आणि मधलं तेल घेतलं.

स्वच्छ आणि कोरड्या बाटलीत भरा, असं लिहिलं होतं.

अस्वलाच्या घरी बाटल्या पुष्कळ असतात. सगळ्या मधाच्या असतात. केसोजीनं त्यातली सगळ्यांत चांगली निवडली आणि स्वच्छ केली. अस्वलं भांडी कशी घासतात ठाऊक आहे? चाटून. केसोजीनं ती बाटली अर्धा तास चाटली. जीभ लांब करून पार तळाच्या कडेपर्यंत नेली. मग उन्हात धरून बघितली.

"अनसे, बघ गं. आरपार दिसतंय."

अनसाबाईनं बाटली डोळ्याशी धरली. "लख्ख आहे," ती म्हणाली. तिच्या स्वयंपाकघरातली सगळी भांडी अशीच लख्ख होती, आणि त्या घरात कधी कोणी आजारी पडलं नव्हतं.

बाटलीसोबत एक फॉर्म भरायचा होता. त्यात विचारलं होतं, हे तेल किती किलोमीटर चाललं?

केसोजीनं लिहिलं, "पुष्कळ."

"अहो, आकडा घाला," अनसाबाई म्हणाली. "तेल बदललं तेव्हाचा आकडा मी दारामागं खडूनं लिहून ठेवलाय. नऊ हजार झालेत."

"पाकीट बंद केलं आता. आणि मुंग्या हुशार असतात. त्यांना तेलावरून कळतं."

---

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. पौर्णिमेला सात दिवस उरले होते.

त्या जंगलात कागद घरी वाचायचा नाही अशी पद्धत होती. कागद पारावर न्यायचा आणि धनेशाकडे द्यायचा. धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी. त्याची चोच सगळ्यांत मोठी होती म्हणून वाचायचं काम त्याच्याकडे होतं. आणि धनेश कागदावरचं फक्त लाल अक्षर वाचायचा. पूर्वी एकदा एक कागद पूर्ण वाचायला घेतला होता, तर ऐकता ऐकता हरणांची शिंगं गळून नवी आली होती. तेव्हापासून ठरलं. लाल असेल ते वाचायचं. काळं म्हणजे ठीक. ठीक असलेलं वाचून कुणाचं काय भलं व्हायचंय?

सगळे जमले. धनेशानं घसा साफ केला.

"पोटॅशियम. लाल."

"अगं बाई!" टिटवीकाकू म्हणाली. टिटवीकाकू दगडावर बसायची, आणि बसल्या जागेवरून सगळ्या जंगलाची काळजी करायची.

"सोडियम. लाल."

"अगं बाई!"

"पाणी. लाल." धनेशानं चोच वर केली. "खाली लाल अक्षरात लिहिलंय, ही तिन्ही एकत्र वाढली तर कूलंट तेलात उतरत असल्याची शंका घ्यावी."

"कूलंट म्हणजे?" मागून कोणीतरी विचारलं.

"रेडिएटरमधलं पाणी," साळिंदर गेनू मिस्त्री म्हणाला. "तेलाच्या जागी तेल पाहिजे, पाण्याच्या जागी पाणी. मधलं गॅस्केट गेलं की दोघं एकमेकांच्या घरात शिरतात. मग इंजिन गेलं म्हणायचं."

"गेलं?" केसोजीनं विचारलं.

"शंका म्हटलंय," अनसाबाई म्हणाली. "गेलं असं नाही म्हटलेलं."

"वहिनी, लाल शंका आहे ती," धनेश म्हणाला.

केसोजी जरा सावरून म्हणाला, "पण गेनू, रेडिएटरचं पाणी मी रोज बघतो. थेंबभर कमी झालेलं नाही. आणि पाणी मिसळलं की तेल ताकासारखं होतं ना? माझं तर काळंभोर आहे."

हा प्रश्न फार चांगला होता, बाळांनो. त्या दिवशी पारावर विचारलेला तो एकच चांगला प्रश्न.

"म्हणजे कमी न होता गळतंय?" टिटवीकाकू म्हणाली. "मग तर जास्तच वाईट. कमी झालं असतं तर निदान कळलं तरी असतं."

सगळ्यांनी माना हलवल्या.

तेवढ्यात नथूशेठनं आपल्या गाडीचा रिपोर्ट काढला. तो त्यानं घडी करून कायम खिशात ठेवलेला असे.

"धनेशा, त्याचं लोखंड किती आहे रे?"

"ते काळं आहे."

"असू दे. माझ्या नावावर वाच."

"एकेचाळीस. म्हणजे तेलाच्या दहा लाख भागांत एकेचाळीस भाग लोखंड."

"माझं सहा!" नथूशेठ म्हणाला आणि कागद सगळ्यांना फिरवून दाखवला. "सहा! बघून घ्या."

"एकेचाळीस," टिटवीकाकू पुटपुटली. "एवढं लोखंड पोटात घेऊन ती पोर घाट कशी उतरणार?"

"लोखंड जीपच्या पोटात आहे, काकू," अनसाबाई म्हणाली. मग ती नथूशेठकडे वळली. "भाऊजी, तुमची गाडी ह्या तेलावर किती चालली?"

"नऊशे. शोरूममधून घरी आणि घरून पारावर."

"आमची नऊ हजार चाललीय. दहापट. तुमची एवढी चालली असती तर तुमचं लोखंड झालं असतं साठ. आमचं एकेचाळीस."

नथूशेठनं कागदाची घडी घातली. "वहिनी, हिशोब वेगळा आणि इंजिन वेगळं," तो म्हणाला. पारावरच्या सगळ्यांना हे वाक्य फार आवडलं.

"धनेशभाऊ, एक करा," अनसाबाई म्हणाली. "कागदाच्या अगदी खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय. मला इथून दिसतंय. तेवढं वाचा."

"काळं आहे."

"काळं असलं तरी वाचा."

"आज वाचलं तर उद्या सगळेच म्हणतील, काळं वाच. मग मी पिल्लांना भरवू कधी?"

आणि त्यानं रिपोर्ट आपल्या ढोलीत ठेवला. धनेशाची ढोली म्हणजे त्या जंगलाचं दप्तर. कागद आत गेला की धनेश ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून टाकायचा. लिंपलेली ढोली पुढच्या पौर्णिमेलाच फोडायची, अशी पद्धत होती.

चिखल लगेच वाळला. त्या दिवशी ऊन कडक होतं.

---

"मग जाऊ का नको?" केसोजीनं विचारलं.

"जा की," टिटवीकाकू म्हणाली. "आम्ही कोण अडवणार? मी तर काहीच बोलत नाही. फक्त सातव्या वळणावर गाडी बंद पडली, पोर उन्हात बसली, कळा सुरू झाल्या, जवळ पाणी नाही, हे तेवढं डोळ्यांसमोर आणा आणि मग खुशाल जा."

केसोजीनं डोळ्यांसमोर आणलं. आणल्यावर ते जाईना.

"इंजिन खोलून बघतो मी," गेनू मिस्त्री म्हणाला. "दोन दिवसांचं काम. आत काय आहे ते समोर येईल. उगाच रुखरुख नको."

गेनू मिस्त्री वाईट नव्हता. त्याचा हात खोलण्यात तयार होता, इतकंच. त्याच्या अंगावर चारशे काटे होते आणि प्रत्येक काट्याचा काहीतरी खोलायला उपयोग व्हायचा. बंद गोष्ट दिसली की त्याचे काटे आपोआप उभे राहत.

घरी आल्यावर अनसाबाई म्हणाली, "अहो, दुसरी बाटली भरून पाठवू या. एका रिपोर्टवर पोट फाडतात का कोणी?"

"पाच दिवस लागतील गं. आणि लोक काय म्हणतील? एवढं सांगूनसुद्धा बाप बाटल्याच भरत बसला म्हणतील."

"लोकांना नाही आणायचंय. करवंदीला आणायचंय."

"तिच्यासाठीच तर खोलतोय," केसोजी म्हणाला. आणि ते खरंच होतं. अनसाबाई आत गेली आणि चिंचेचं सार कसं करायचं ते आठवत बसली.

दुसऱ्या दिवशी गेनूनं ताडपत्री अंथरली आणि इंजिन खोललं.

सगळं जंगल बघायला आलं. हेड निघालं. गॅस्केट निघालं. व्हॉल्व्ह निघाले. प्रत्येक भाग निघाला की नथूशेठ तो हातात घेऊन "हं" म्हणायचा आणि भलत्याच जागी ठेवायचा. टिटवीकाकू दगड सोडून ताडपत्रीच्या कडेला येऊन बसली होती. सगळ्यांना एकदा बघायचं होतं, पाणी कुठून शिरतं.

पाणी कुठूनच शिरत नव्हतं. गॅस्केट अखंड होतं. सिलिंडरच्या भिंती आरशासारख्या होत्या. गेनूनं आत काटा फिरवला, हुंगला, उजेडात धरला.

"काहीच सापडत नाही," तो म्हणाला.

केसोजीचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे चांगलंय?"

"म्हणजे लपलंय," गेनू म्हणाला. "अजून खोलावं लागेल."

आणि त्यानं अजून खोललं.

---

त्याच दिवशी दुपारी मुंग्यांचं पत्र आलं. पौर्णिमेला सहा दिवस होते. या खेपेला अनसाबाईनं पत्र पारावर जाऊ दिलं नाही. तिनं ते अंगणातच फोडलं आणि ताडपत्रीशेजारी उभं राहून मोठ्यानं वाचलं. लाल, काळं, सगळं.

"श्री. केसोजी यांस. रिपोर्टाच्या तळाशी आम्ही विनंती केली होती की नमुना दुसऱ्या बाटलीत पुन्हा पाठवावा. तो न आल्यामुळे हे पत्र. आपली बाटली उघडली तेव्हा आमच्या चाळीस कामकरी मुंग्या हातातली कामं टाकून तिच्याभोवती रांगेनं उभ्या राहिल्या. तेलासाठी त्या कधीच रांग लावत नाहीत. चौकशीअंती असं दिसून आलं की बाटलीच्या तळाच्या कडेला मध होता. मधात पोटॅशियम भरपूर असतं. सोडियम आणि पाणी यांचा उगम बहुधा आपली जीभ असावी."

सगळ्यांनी केसोजीच्या तोंडाकडे बघितलं. केसोजीनं तोंड मिटून घेतलं.

अनसाबाई पुढे वाचू लागली.

"सदर मुंग्यांनी मध संपवल्यावर आम्ही उरलेलं तेल पुन्हा तपासलं. कूलंटचा मागमूस नाही. लोखंड व तांबं वापराच्या मानानं कमी आहे. धूळ किंचित जास्त आहे, तेव्हा एअर फिल्टर एकदा काढून झटकावा. इंजिन उत्तम आहे. हेच तेल आणखी दोन हजार किलोमीटर चालेल. निर्धास्त प्रवास करावा. ता. क. 'पुष्कळ' हा आकडा नाही."

केसोजी इतका मोठ्यानं हसला की समोरच्या टेकडीवरचे मोर उडाले. त्यांना वाटलं, जीप चालू झाली.

"उत्तम आहे! अनसे, ऐकलंस? उत्तम! गेनू, चल, बसव सगळं. उद्या सकाळी निघतो."

गेनू मिस्त्रीनं ताडपत्रीकडे बघितलं. तिच्यावर एकशे सत्तावीस भाग होते आणि त्यातले बरेच नथूशेठनं हाताळले होते.

"बसवतो की," तो म्हणाला. "फक्त गॅस्केट नवीन लागेल. हे एकदा काढलं की परत बसत नाही. मग मात्र खरंच पाणी शिरेल."

"पण ते चांगलं होतं ना?"

"काढलं नव्हतं तोवर चांगलं होतं."

"नवीन कधी मिळेल?"

"पलीकडच्या शहरातून मागवतो. चार दिवसांत यायला हरकत नाही."

बाळांनो, 'यायला हरकत नाही' असं कोणी म्हटलं की ती वस्तू कधी येते, हे मोठे झालात की कळेल.

"एवढं झालं ते बरंच झालं," टिटवीकाकू म्हणाली. "आता इंजिन उत्तम आहे हे तरी कळलं. न खोलता कसं कळलं असतं?"

"पत्रातनं कळलंय, काकू," अनसाबाई म्हणाली.

"पण पत्र तर खोलल्यावरच आलं ना?"

अनसाबाईनं पत्राची घडी घातली. याचं उत्तर मलाही सुचत नाही.

---

केसोजी नथूशेठकडे गेला.

"शेठ, तुमची गाडी द्या दोन दिवस. लेकीला घेऊन येतो. प्लास्टिकसुद्धा काढत नाही."

"दिली असती रे," नथूशेठ म्हणाला. तो खरंच कळवळला होता. "पण तुझं बघून मीही परत तेल पाठवलंय. रिपोर्ट आल्याशिवाय बाहेर कशी काढू? लेकीबाळीचा प्रश्न आहे. माझ्या गाडीला मध्येच काही झालं तर तू मला काय म्हणशील?"

केसोजी तरसाकडे गेला. तरसाचा टेम्पो दारात उभा होता. तरसाचंही तेल वारुळात गेलं होतं. चितळांची व्हॅन उभी होती, गव्याचा ट्रॅक्टर उभा होता. सगळ्या जंगलानं बाटल्या भरून पाठवल्या होत्या आणि सगळ्या जंगलाच्या गाड्या रिपोर्टची वाट बघत दारात उभ्या होत्या. रस्ता इतका मोकळा कधीच नव्हता. मुंगसाची पोरं त्यावर लगोरी खेळत होती.

घाटापलीकडच्या जंगलात गाड्या नव्हत्या. तिथे अजून पायच होते. त्यामुळे तिकडून कोणी करवंदीला घेऊन येण्याचाही प्रश्न नव्हता.

"आपण चालत जाऊ," अनसाबाई म्हणाली.

"जाऊ गं. पण तिला आणायची कशी? ह्या दिवसांत चालवायची? गॅस्केट येईल. चार दिवस म्हणालाय गेनू."

पहिल्या दिवशी गॅस्केट आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, पण ते दुसऱ्याच गाडीचं होतं. गेनूनं ते परत पाठवलं.

केसोजी रोज सकाळी एअर फिल्टर काढून झटकायचा. एवढंच एक काम त्याच्या हातात राहिलं होतं. सहाव्या दिवशी त्या फिल्टरमध्ये धुळीचा कणही नव्हता. जंगलात इतका स्वच्छ एअर फिल्टर कुणाचाच नव्हता.

पौर्णिमा आली आणि गेली. धनेशानं ढोली फोडली, रिपोर्ट बाहेर काढला, आणि कोणी न विचारता तळाची काळी ओळ वाचली. मग "लिहिलं होतं खरं," असं म्हणून परत आत ठेवला.

पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी निरोप आला. करवंदी वेळेआधीच बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

केसोजीनं फिल्टर खाली ठेवला. अनसाबाईनं चिंचेच्या साराचं मडकं फडक्यानं बांधून डोक्यावर घेतलं. आणि ते दोघं घाटाच्या रस्त्याला लागले.

---

अकरा वळणं चालायला दीड दिवस लागला. सातव्या वळणाशी केसोजी जरा थांबला. तिथे एक झरा होता. चांगली सावलीही होती. टिटवीकाकूनं सांगितलं होतं तसं तिथे काहीच नव्हतं. दोघं पाणी प्याले आणि पुढे निघाले.

करवंदी गुहेच्या तोंडाशी बसली होती. मांडीवर मुठीएवढं काळं बाळ होतं.

"बाबा," ती म्हणाली. "आवाज नाही आला जीपचा."

"खोललीय."

"बंद पडली?"

"नाही. बंद पडेल म्हणून."

अनसाबाई बाळ घेऊन आत गेली. केसोजी लेकीसमोर खाली बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. बाटली, लाल अक्षरं, लोखंड, चाळीस मुंग्या, गॅस्केट. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते लांबलचक वाटायला लागलं.

करवंदीनं मध्ये एकदाही त्याला थांबवलं नाही. त्याचं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि बंद पडली असती तर?"

"म्हणजे?"

"घाटात. मी आत बसलेली असताना. बंद पडली असती तर काय केलं असतं?"

केसोजी विचार करू लागला. बारा दिवस सगळ्या जंगलानं जीप बंद पडू नये म्हणून डोकं चालवलं होतं. बंद पडल्यावर काय, इथपर्यंत कोणीच गेलं नव्हतं.

"ढकलली असती, बाबा," करवंदी म्हणाली. "वर चढताना बंद पडली असती तर इथून माझे पाच दीर आले असते. पाच अस्वलं. जीप काय, त्यांनी घाटच ढकलला असता. आणि उतरताना बंद पडली असती तर आपण घरी पोचलोच असतो. उतारच आहे."

केसोजीनं आपल्या पंजांकडे बघितलं. चांगले भक्कम पंजे होते.

"मी रोज जाऊन बसायची खालच्या वळणावर," करवंदी म्हणाली. "तुमची जीप तीन टेकड्या आधीपासून ऐकू येते ना. मोर उडाले की मी उठून उभी राहायची. मग कळायचं, वाऱ्यानं उडाले."

केसोजीच्या पायांना घाटाची लाल माती लागली होती.

करवंदीनं ती बघितली. मग तिनं त्याचा हात धरून त्याला उठवलं.

"चला आत," ती म्हणाली. "चालत आलात. दमला असाल."

---

तात्पर्य : गाडीचं वापरलेलं तेल वेळोवेळी तपासून घ्यावं आणि त्याचा रिपोर्ट नेहमी चारचौघांत वाचावा. अशी गाडी पुन्हा कधीही रस्त्यात बंद पडत नाही.